येतो, मावशी

निवृत्त एसटी कंडक्टर बंडू खोत चौदाव्यांदा जेवायला बसले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय.

म्हणजे ते स्वतः जेवत नव्हते. ते खुर्चीत बसून बटणं दाबत होते, आणि पडद्यावरचा त्यांचा जासूद मावशीच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी, शेंगाची चटणी आणि दही चापत होता. जेवण झालं की जासूद उठायचा, दाराशी जायचा, आणि वळून पुन्हा पाटावर येऊन बसायचा. खोतमामांची काही तक्रार नव्हती. तीस वर्षं त्याच गाडीतून त्याच रस्त्यानं ये-जा केलेला माणूस तो.

"मामा, पुढं का निघंना तुम्ही?" मी विचारलं.

"निघतोय की. पर ही बाई सोडंना. लई मायाळू हाय." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कुणी लिवली ओ ही?"

"मी."

"झकास लिवलीय," असं म्हणून ते पंधराव्यांदा पाटावर बसले.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. इचलकरंजीत विक्रांत बुगड नावाच्या माणसाच्या वडिलांचं सायझिंग होतं, म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना. वडील गेल्यावर विक्रांतनं ते बंद केलं आणि त्याच गोदामात व्हिडिओ गेमची कंपनी काढली. भिंतींना खळीचा वास तसाच होता. आमच्या गेमचं नाव 'खलिता'. खेळणाऱ्यानं जासूद व्हायचं आणि शत्रूला चुकवत एका गडावरून दुसऱ्या गडावर खलिता पोचवायचा. गेम बऱ्यापैकी चालला, तेव्हा विक्रांतनं त्याला जोडून एक वाढीव भाग काढायचं ठरवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पुरवणी'.

"बोर्डाच्या पेपराला लावत होतो न्हवं, तसली," तो म्हणाला. "मूळ पेपरात जे सुचलं न्हाई, ते पुरवणीत."

मूळ पेपरात माणसं सुचली नव्हती. नुसत्या तलवारी होत्या आणि तलवारींना धरून ठेवायला काही मिश्या होत्या. म्हणून त्यानं मला, सुकुमार मगदूमला, कामावर घेतलं. माझी लायकी म्हणजे दोन उत्तेजनार्थ बक्षिसं आणि एका टीव्ही मालिकेतून झालेली हकालपट्टी. पण इचलकरंजीत त्या वेळी लेखक म्हणून हाताला लागणारा मीच होतो.

मी सहा महिन्यांत एकच माणूस लिहिला. नदीच्या उताराशी एकटी राहणारी मावशी. जासूद भिजून येतो, ती त्याला जेवायला वाढते, दिवस मावळायच्या आत तो निघतो. एवढंच. पण तिची दोनशे बारा वाक्यं होती. जासुदानं तिसऱ्यांदा दही मागितलं तर काय म्हणते, ताटात चटणी टाकली तर काय म्हणते, मांजराला लाथ मारली तर काय म्हणते. मांजराला लाथ मारण्यावर चार वाक्यं होती आणि चारही ऐकून माणूस आयुष्यात पुन्हा मांजराच्या वाटेला गेला नसता.

विक्रांतचा एकच हट्ट होता. "खेळणाऱ्याला निवड पायजे. न्हाईतर तो सिनेमाच बघंल की." म्हणून निघताना दाराशी मी दोन पर्याय ठेवले. एक, 'येतो, मावशी'. दुसरा, 'जातो, मावशी'. ज्याला जे म्हणायचं ते म्हणून त्यानं निघावं.

त्या बुधवारी गेम तपासायला विक्रांतनं सहा माणसं बोलावली होती. सगळी त्याच्या नात्यातली नाहीतर गल्लीतली. खोतमामा गल्लीतले. त्यांच्या शेजारी त्याच्या चुलतभावाची बायको, अलकावहिनी. त्या ब्युटी पार्लर चालवायच्या आणि बटणंही भुवया कोरल्यासारखी नाजूक दाबायच्या. सकाळी दहाला सगळे बसले होते. आता एक वाजला होता आणि सहाच्या सहा जासूद मावशीच्या पाटावर होते.

आणखी एक गोष्ट झाली होती. मूळ गेममध्ये जासुदानं काही खाल्लं की त्याची ताकद वाढायची, आणि ताकद वाढली की अंगही थोडं भरायचं. तिथं एका गडावर एखादा पेरू मिळायचा, त्यामुळे कुणाला ते कळलं नव्हतं. इथं जासुदांनी पंधरा-पंधरा वेळा भाकऱ्या हाणल्या होत्या. खोतमामांचा जासूद आता पाटावर मावत नव्हता. अलकावहिनींच्या जासुदाला मान उरली नव्हती.

विक्रांत आला, त्यानं सहाही पडदे पाहिले आणि डोक्याला हात लावला. परवा, शुक्रवारी चार वाजता, मुंबईहून कामतसाहेब येणार होते. त्यांना पुरवणी पसंत पडली तर ते ती देशभर विकणार होते. नाही पडली तर गोदामात पुन्हा खळ शिजणार होती.

"अंशुल!" तो ओरडला.

अंशुल सक्सेना आमचा प्रोग्रामर. मूळचा बरेलीचा. बायकोला इथल्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून तो आला आणि पुस्तकावरून मराठी शिकला. त्यामुळे आमच्या गोदामात शुद्ध मराठी बोलणारा तो एकटाच होता.

"मी परीक्षण केलेले आहे, सर," तो शांतपणे म्हणाला. "मी 'जातो' दाबले. जासूद बाहेर गेला. सर्व व्यवस्थित."

"आणि 'येतो'?"

"'येतो' दाबले तर जासूद येतो. आत. 'येणे' या क्रियापदाचा अर्थ तोच आहे ना?"

अलकावहिनी म्हणाल्या, "अवो भावजी, माणूस निघताना 'येतो'च म्हणतो की."

"जो जात आहे, तो 'येतो' म्हणतो?" अंशुलनं वही काढली. "आणि जो येत आहे, तो काय म्हणतो?"

"तो कशाला काय म्हणंल? तो आलेलाच असतो की!"

अंशुलनं ते लिहून घेतलं.

"पण मग तुम्ही कुणी 'जातो' का नाही दाबलं?" विक्रांतनं विचारलं. "तीन तास झाले. समोर दुसरं बटण दिसतंय."

सहाही जण त्याच्याकडे असे बघायला लागले, जणू तो काहीतरी वंगाळ बोलला होता.

"जेवल्या घरातनं 'जातो' म्हणून निघायचं?" खोतमामा म्हणाले. "विक्रांतशेठ, तुमच्या वडलांनी असं शिकवलं न्हवतं."

"अवो मामा, हा गेम हाय!"

"गेम असंल. बाई तर बाईच हाय न्हवं?"

शेवटी विक्रांतनं अलकावहिनींना हुकूमच सोडला. त्यांनी डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटत 'जातो' दाबलं. पडद्यावर मावशी चुलीपासून वळली. तिच्या तोंडाखाली अक्षरं उमटली: "जातो म्हणू नये, बाळा. येतो म्हण."

"बघा!" अलकावहिनी ताडकन उठल्या. "ती बी तेच म्हणती! मी सांगत होते!"

त्यांचा जासूद दारापर्यंत गेला आणि चौकटीत अडकला. पुढे जाईना, मागे येईना. पाय हवेत चालत राहिले.

विक्रांतनं त्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळला. "'येतो' म्हटलं तर सोडंना, 'जातो' म्हटलं तर रागवती. मगदूम, ही बाई काढून टाक. तिथं विहीर घाल. जासूद येऊ दे, पाणी पिऊ दे, जाऊ दे. विहिरीला बोलायला लागत न्हाई."

मी घाईघाईनं म्हणालो, "शेठ, दार रुंद करू. 'येतो'ची जोडणी अंशुल बदलेल. दहा मिनिटांचं काम आहे."

"माझी चूक नाही," अंशुल म्हणाला. तो चिडला नव्हता, नुसता वही चाळत होता. "प्रत्येक पर्यायाला मावशीचे उत्तर पाहिजे. 'जातो'चे उत्तर सुकुमारजींनी लिहिले आहे. 'येतो'च्या पुढे रिकामे आहे. रिकामे ठेवले तर गेम बंद पडतो. म्हणून मी त्याला अर्थाने जवळचे वाक्य जोडले. 'ये, ये. हातपाय धू.'"

मी त्याच्या हातातली यादी ओढून घेतली. दोनशे बारा वाक्यं माझ्याच अक्षरात होती. मांजराची चार होती. 'येतो, मावशी'समोर काही नव्हतं.

"मग लिही की आता," विक्रांत म्हणाला. "एकच वाक्य हाय. शुक्रवारी दुपारपर्यंत दे. न्हाईतर विहीर."

मी लिहायला बसलो. 'सुखी राहा' लिहिलं. 'सांभाळून जा' लिहिलं. 'लेकरा, तुझी वाट बघीन' असंही लिहिलं आणि मालिकेतून मला का हाकललं होतं ते माझं मलाच पटलं. संध्याकाळपर्यंत अकरा वाक्यं झाली. अकराही खोटी होती. दोनशे बारा वाक्यं लिहिताना मला एकदाही विचार करावा लागला नव्हता, कारण ती मी ऐकलेली होती. हे वाक्य मी कधी ऐकलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी विक्रांतला म्हटलं, "एका ठिकाणी विचारून येतो." आणि निपाणीची एसटी धरली.

आमचं गाव त्याच रस्त्याला. तिथं माझी पद्माआत्या राहायची. माझी आई मी पाच वर्षांचा असताना गेली. मला आत्यानं वाढवलं. आणि सहा वर्षं मी तिच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. कारण सांगायला लाज वाटते. मी एक तीन अंकी नाटक लिहिलं होतं, हातानं, एकच प्रत. नाट्यवाचनाच्या स्पर्धेच्या आठवड्यात दुसरा अंक सापडेना. तो स्पर्धा उरकल्यावर पापडाच्या डब्यात सापडला, पापडांच्या थरांमध्ये अंथरलेला, तेलकट. आत्याला वाटलं होतं रद्दी आहे. माझं नाटक दोनच अंकांचं झालं. पहिल्या अंकात लग्न ठरलेला माणूस पुढचा पडदा उघडताच तीन पोरांचा बाप होऊन मेलेला होता. परीक्षक हसले. घरी येऊन मी आत्याला नाही नाही ते बोललो आणि पिशवी उचलून दारात म्हणालो, "जातो."

ती म्हणाली होती, "जातो म्हणू नये, बाळा. येतो म्हण."

मी म्हणालो होतो, "जातोच."

गावात उतरून मी घरापाशी गेलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं. आत्या शेंगा फोडत बसली होती. सहा वर्षांत बरीच वाळली होती. तिनं मान वर केली, मला पाहिलं आणि म्हणाली, "ये, ये. हातपाय धू."

मी मागच्या दारी जाऊन हातपाय धुतले आणि तिथंच जरा वेळ उभा राहिलो. डोळ्यांवर दोनदा पाणी मारावं लागलं.

तिनं पाट मांडला. भाकरी, शेंगाची चटणी, घट्ट दही. मी दुसऱ्यांदा दही मागितलं, ती म्हणाली, "घे की, म्हस आपलीच हाय." तिसऱ्यांदा मागितलं, ती म्हणाली, "आता म्हशीलाच इचारून येते." ही माझ्या यादीतली सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस नंबरची वाक्यं. मांजर ताटापाशी आलं, तेव्हा मी पाय आखडून घेतला.

"काय काम करतोस म्हणं?" तिनं विचारलं.

"माणसांनी काय बोलायचं, ते लिहून देतो."

"का? त्यास्नी बोलता येत न्हाई?"

मी तिला गेम समजावून सांगितला. जासूद, खलिता, नदीचा उतार. मग म्हणालो, "त्यात तू पण आहेस."

"मी? मी काय करते त्यात?"

"जेवायला वाढतेस."

"आन?"

"बास. तेवढंच."

"मग त्यात ख्योळ कसला?" असं म्हणून तिनं आणखी एक भाकरी वाढली.

नाटकाचा विषय मी काढला नाही. तिनंच काढला, ताट उचलताना. "तुझे ते कागद काढून ठेवलेत मी. त्याल लागलंय, पर वाचाय येत्यात. वाचलं मी."

"कसं वाटलं?" मी विचारलं. लेखकाची जात, सहा वर्षांनीही अभिप्राय पाहिजे.

"बरं न्हाई. त्यातली माणसं लई बोलत्यात."

दिवस कलायला लागला तसं तिनं ताट झाकलं. आमच्यात, जैनांत, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत; त्याआधी मला आणखी दोनदा खायला बसवून झालं होतं. पाच वाजताची एसटी शेवटची होती. मला निघायला हवं होतं आणि निघता येत नव्हतं. एसटीत बसल्यापासून मी स्वतःला बजावत होतो की आपण एका वाक्यासाठी आलोय. दारात 'येतो' म्हणायचं, ती काय म्हणते ते लिहून घ्यायचं, आणि जायचं. आता त्याची शरम वाटत होती. सहा वर्षांनी आलेला भाचा, तोही कामासाठी. पण न म्हणून कसं चालेल? दुसरं बटण मी एकदा दाबून पाहिलं होतं.

मी उंबऱ्यात उभा राहिलो. "येतो, आत्या."

ती पुन्हा शेंगा फोडायला बसली होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "कदी?"

जगात 'येतो'वर असं कुणी विचारत नाही. तो शब्द उत्तरासाठी नसतोच. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

"रविवारी," मी म्हणालो.

"कुठल्या?"

मी चौकटीला हात लावून उभा होतो. त्या क्षणी मला खरंच वाटलं, आपण दारातून बाहेर मावणार नाही.

"ह्या," मी म्हणालो.

तिनं आणखी दोन शेंगा फोडल्या. "दार ओढून घे. मांजर जातंय भाईर."

शुक्रवारी सकाळी मी अंशुलला दोन शब्द दिले. त्यानं ते वाचले, वहीत काहीतरी खोडलं आणि म्हणाला, "म्हणजे 'येणे' या क्रियापदाचा अर्थ तोच होता. मी बरोबर होतो." मग त्यानं जोडणी केली आणि न सांगता दारही रुंद केलं.

चार वाजता कामतसाहेब आले. कडक इस्त्रीचे कपडे, पोट सुटलेलं, चहासुद्धा नको म्हणाले. त्यांचा जासूद भिजत आला, जेवला, उठला. साहेबांनी एक क्षणही न थांबता 'येतो' दाबलं.

मावशी म्हणाली, "कधी?"

साहेबांचं बोट थांबलं. पडद्यावर तीन पर्याय आले: 'बघू', 'काम झालं की', आणि 'रविवारी'. त्यांनी 'बघू'वर बोट नेलं, मागे घेतलं, आणि 'रविवारी' दाबलं.

मावशी म्हणाली, "कुठल्या?"

विक्रांतनं माझ्या दंडाला चिमटा काढला. साहेबांनी खिशातून डायरी काढली, चष्मा लावला आणि पानं उलटायला लागले.

"ह्या रविवारी मडगावला लग्न आहे," ते हळूच म्हणाले. "त्याच्या पुढच्या रविवारी मीटिंग आहे, पण ती हलवता येईल." आणि विक्रांतकडे वळून अगदी अडचणीत सापडल्यासारखं म्हणाले, "काय सांगू हिला?"

पुरवणी विकली गेली. पुढे पत्रं यायची. लोक तक्रार करायचे की लढाई ऐन रंगात असते आणि मावशीला दिलेला रविवार येतो. मावशी गेममध्ये राहिली. विहीर घातली नाही.

त्या रविवारी विक्रांतनं सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. मी नाही म्हणालो आणि सकाळची एसटी धरली. आत्या दारात उभी होती. हातात शेंगा पाखडायचं सूप होतं, पण त्यात शेंगा नव्हत्या.

"आलास व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं, फुडच्या."